खेड्यातल्या माणसानं खुला फोन घ्यावा का कुलूपबंद?

पऱ्हाटीवाला, घाटंजीकडचा
मंडळी, भाचा बारावी झाला आन् अमरावतीले शिकायले चालला, त्याले फोन घ्यायचा हाये. पोट्ट्याचं मन सेकंडहँड आयफोनवर आलं, हप्त्यावर भेटते म्हणते. माह्यं म्हणणं असं का घ्यायचाच तर ज्याचं बूटलोडर, म्हंजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, खुलते, ज्याच्यावर उद्या दुसरी सिस्टीम टाकता येते असा ॲन्ड्रॉइड घे. रेडमी नोट ४ चंच घ्या ना, २०१७ मध्ये आला, आपल्या भागात ज्याच्या त्याच्या खिशात तोच होता, पण कंपनीकडून त्याले ॲन्ड्रॉइड ७ च्या पुढचं काही आलं नाही. फोन तर दणकट, बॅटरी ४१०० ची, मंग काय उकिरड्यावर टाकायचा? जगभरातल्या पोट्ट्यांनी फुकटात लिनिएजओएस नावाची ॲन्ड्रॉइडचीच सिस्टीम बनवून ठेवली, त्याच्यावर पुढची ॲन्ड्रॉइड चढली, आन् आमच्या घरी तो फोन आजही चालू हाये, आई त्याच्यावर भजनं ऐकते, मी बाजार समितीचे भाव पाह्यतो.

बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्याच्या आंधी आमचे आजोबा सरकी घरची ठेवत. आता हायब्रिड हाये, घरची सरकी पेरून जमत नाही, दरसाली मे-जूनमध्ये दुकानदाराच्या तोंडाकडं पाहा लागते. फोनचंही तसंच होऊन रायलं आन् आपण खुशीनं होऊ देऊन रायलो, हे मले खटकते. कोणाले पटत नसन तर बोला.

मोर्शीची ताई
दादा, नाही पटत, स्पष्टच बोलते. माझं सेवा केंद्र आहे, दिवसभर लोकांचे फोन माझ्याच हातात असतात. व्हॉट्सॲपवर काय काय येतं ते बघा एकदा, लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाईल, आरटीओचं चलान म्हणून एपीके, पीएम किसानच्या नावानं एपीके. माणूस त्याच्यावर बोट ठेवतो, फोन विचारतो बाहेरचं ॲप टाकू का, हो. मग एसएमएस वाचू का, हो. झालं, तिथून पुढं येणारा प्रत्येक ओटीपी चोराकडं जातो आणि इकडं स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. गावातल्या एका काकांचे सोयाबीनचे पैसे असेच गेले, बँकेत पासबुक भरायला गेले तेव्हा कळलं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करायचा असतो हे पण त्यांना माहीत नव्हतं, मी लावून दिला, पण तोवर वेळ गेली होती.

आयफोनवर ती फाईल चालतच नाही, विषय संपला. तुम्ही त्याला कुलूप म्हणता, मी म्हणते दार नीट लागतं. पीक विमा, आधार, कर्जखातं, सगळं एका फोनवर आलंय आता, आणि तो फोन वापरणारे सगळे काही तुमच्यासारखे जाणकार नाहीत.

रिपेरिंगवाला, दिग्रस
ताई बरोबर बोलल्या, एपीकेचं लफडं खरंच वाढलं हाये. पण भाऊ लोक, तुम्ही खाली सिस्टीम-सिस्टीम करून रायले, फोन हातातून पडल्यावर काय होते ते कोणी बोलून नाही रायलं.

आयफोनचा डिस्प्ले फुटला. समजा माह्यापाशी तसाच दुसरा बंद पडलेला आयफोन हाये, त्याचा ओरिजिनल डिस्प्ले काढून मी याले लावला. दोनी भाग कंपनीचेच, लावण्यात काही कसर नाही, तरी बऱ्याच मॉडेलवर सेटिंगमध्ये अनोळखी पार्ट असा मेसेज येऊन बसते आन् ट्रू टोन, म्हंजे उजेडाप्रमाणं स्क्रीनचा रंग जुळवायची सोय, जाते. काहून, तर त्या डिस्प्लेचा नंबर जुन्या बोर्डाशी बांधला असते, आन् ते गाठ सोडायचं सॉफ्टवेअर माह्यासारख्यापाशी नाही. नवीन मॉडेलले आता थोडी ढील देली हाये, पण गरिबाच्या हातात सेकंडहँडमध्ये जुनंच मॉडेल येते ना. मंग नागपूर गाठा, एक दिवसाची मजुरी पाडा, एसटीचं भाडं भरा, आन् तिथं जो भाव सांगतीन तो द्या. साध्या ॲन्ड्रॉइडची स्क्रीन मी चहा होईस्तोवर टाकून देतो.

सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ले राइट टू रिपेअरचं, म्हंजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, चांगलं केलं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून मोबाईलची बॅटरी गिऱ्हाईकाले सोताले काढता आली पायजे असा कायदा लागू होऊन रायला. आपल्याकडं तसा नियम पायजे. माह्यासाठी खुला फोन म्हणजे पयले हे, बूटलोडर मागून.

वणीचा, सध्या पुण्यात
तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होतेय इथं. बाहेरचं ॲप टाकणं एक, बूटलोडर खोलणं दुसरं, रूट करणं, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा घेणं, तिसरं. ताई म्हणतेय तो धोका पहिल्यातला आहे, त्याला बूटलोडर लागत नाही, दुकानातून आणलेल्या कुठल्याही ॲन्ड्रॉइडवर तो आहेच.

आता दादा, तुमच्या दुसऱ्या गोष्टीकडं या. बूटलोडर खोललं की पहिले सगळा डेटा पुसला जातो. नंतर बँकेचं ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीला विचारतं, हा फोन धड आहे का, उत्तर येतं नाही, आणि कित्येक ॲप तिथंच थांबतात. सॅमसंगमध्ये तर नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज आतून उडतो, परत लॉक केलं तरी तो जुळत नाही, खाजगी फायली कुलपात ठेवायचं सिक्युअर फोल्डर कायमचं गेलं. अमरावतीला रूम घेऊन राहणारा पोरगा, मेसचे पैसे यूपीआयनं, झेरॉक्सचे यूपीआयनं, घरून पैसे येणार ते पण त्यावरच, आणि रविवारी रात्री ॲप उघडलं नाही तर त्यानं काय तुम्हाला घाटंजीला फोन करायचा?

आणि टिकण्याचं म्हणाल तर आयफोन ५एस २०१३ चा, त्याला जानेवारी २०२३ मध्ये पण सुरक्षेचा अपडेट आला. ६एस २०१५ चा, त्याला २०२१ मध्ये आयओएस १५ मिळालं. यातलं काहीच फ्लॅश करावं, म्हणजे हातानं सिस्टीम चढवावी, लागलं नाही, यूट्यूब बघत रात्र जागावी लागली नाही. त्याच पैशातला एक ॲन्ड्रॉइड सांगा ज्याला कंपनीनं एवढं सांभाळलं. बीटीचं पण तेच, लोकांवर कोणी जबरदस्ती केली नव्हती, फवारणी कमी लागत होती म्हणून घेतलं सगळ्यांनी.

पऱ्हाटीवाला, घाटंजीकडचा
वणीच्या भाऊ, फवारणी कमी लागत होती, बरोबर. मंग गुलाबी बोंडअळी बीटीले पचवून बसली, आता फवारे परत आले आन् बियाणं मात्र इकतच हाये. सुरवातीले भेटलेली सोय जाते, बांधलेली गाठ रायते, एवढंच माह्यं म्हणणं.

५एस ले अपडेट आला, मान्य. पण तो द्यायचा का नाही हे कोणाच्या मर्जीवर होतं? डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं सोताच कबूल केलं का बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा स्पीड अपडेटमधून कमी केला होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण चांगलं असन, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचा फोन त्याले इचारलं नव्हतं ना. बोंबाबोंब झाल्यावर बॅटरी स्वस्त केली आन् मंग ते बंद करायचं बटन देलं.

आन् गूगल काही माह्या सोयरा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं ॲन्ड्रॉइडच्या बाबतीत त्यायले १,३३७.७६ कोटीचा दंड ठोकला तो उगीच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यायनं जाहीर केलं का ॲप बनवणाऱ्यानं आपली ओळख गूगलकडं नोंदवली पायजे, नाहीतर बाहेरून टाकायचं ॲपही नेहमीसारखं बसणार नाही. ताई म्हणते ते चोर त्यानं कमी होतीन कदाचित. पण मंग खुला फोन म्हणून जे आपण घेतो ते पण हळूहळू झाकण लावून रायलं, आन् मागणारेच गप बसले तर पूरं बंद होईन.

ऊनाचं पण बोला कोणी. ॲपल सोता सांगते आयफोन ० ते ३५ डिग्रीत वापरा. चंद्रपूरले मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते. नवतप्यात वावरात दुपारी उभं राहून पंचनाम्याचा फोटो काढायचा असन तर थंड झाल्यावर वापरा असा मेसेज पाहत बसायचं का?

वणीचा, सध्या पुण्यात
ऊनात सगळेच फोन तापतात दादा, ॲन्ड्रॉइडवाल्या कंपन्यांचे आकडे पण ३५ च्याच आसपास असतात. हा मुद्दा सोडा.

मास्तर, आर्णी तालुका
पैशाचं आणि टिकण्याचं बरंच झालं, मी शिकण्याचं सांगतो. आमच्या गावात लॅपटॉप असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. नववीतली एक मुलगी बापाच्या फोनवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं ॲप टाकून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली. काळी स्क्रीन, लहानशा कीबोर्डवर कंस शोधून शोधून टाइप करायची, लाईन गेली की पोर्चमध्ये बसून. पहिला प्रोग्राम काय लिहिला, तर वेचणीचा हिशोब, कोणत्या बाईनं किती किलो कापूस वेचला आणि किलोमागं किती रुपये, आठवड्याच्या चुकाऱ्याला आईची वही आणि तिचा आकडा जुळवून पाहिला. हे टर्मक्स २०२० पासून कितीतरी दिवस प्ले स्टोअरवर जुनंच पडून होतं, कारण ॲन्ड्रॉइड १० पासूनच्या नियमात ते बसत नव्हतं, नवीन पाहिजे तर एफ-ड्रॉइड या गूगलबाहेरच्या ॲपच्या दुकानावरून घ्यायचं, म्हणजे ताई ज्या परवानगीला घाबरते तीच द्यायची.

शहरातल्या पोराजवळ फोन बंदिस्त असला तरी टेबलावर कॉम्प्युटर असतो. आमच्या मुलांजवळ फोन हाच कॉम्प्युटर. तो फक्त पाहायचा आणि दाबायचा केला तर त्यांनी आत काय चालतं ते कधी बघावं?

मोर्शीची ताई
सर, त्या मुलीसाठी मी तुमच्या बाजूनं आहे, मनापासून. पण तो बापाचा फोन होता ना? त्याच फोनवर बापाचं खातं होतं ना? तिला समजतं कोणतं ॲप कुठून आलं, बापाला समजतं का? मी रोज बापच बघते, मुलगी माझ्या टेबलापाशी येत नाही. घाटंजीच्या दादा, तुम्ही भाच्याचं सांगितलं, आता तुमच्या आईचं खातं कोणत्या फोनवर चालतं ते सांगा. त्या लिनिएजवाल्यावर?

पऱ्हाटीवाला, घाटंजीकडचा
नाही ताई. त्याच्यात सिमच नाही टाकलं, निस्तं वायफाय हाये. आईचं सिम साध्या बटनाच्या फोनमध्ये हाये, ओटीपी तिथंच येते, आन् पैसे काढाले ते बँकेत जाते. भाच्यालेही तेच सांगून रायलो, खात्याचा फोन जसा आला तसाच ठेव, त्याले हात लावू नको. पण हप्त्यावर आयफोन घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात एक साधा ॲन्ड्रॉइड आन् एक जुना, ज्याचं नाव लिनिएजच्या यादीत हाये असा घे, आन् त्याची चिरफाड कर. यादी पाहूनच घे म्हटलं, काही कंपन्या बूटलोडर खोलूच देत नाही, शाओमी देते पण अर्ज केल्यावर थांबवते, कित्येक मॉडेलले १६८ तास. दिग्रसच्या भाऊ, दुकानात असा जुना कोणता पडला असन तर सांगा, रविवारी पोट्ट्याले घेऊन येतो.

रिपेरिंगवाला, दिग्रस
दोन हायेत. एकाची बॅटरी फुगली हाये, ते बदलून देतो. रविवारी बाजार असते, दुपारनंतर या.