बाबांच्या फॉलोअपला हॉस्पिटलने दर आठवड्याचा ऑनलाइन फॉर्म दिलाय, कोणी वाचतं का हे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, तेही संपलं, आता फॉलोअप चालू आहे. आम्ही नाशिकला, हॉस्पिटल मुंबईत. त्यांनी मोबाईलवर लिंक पाठवलीये, गेल्या 7 दिवसांत तोंड कोरडं पडलं का, गिळताना त्रास झाला का, थकवा किती, आणि पुढे अजिबात नाही, थोडा, मध्यम, तीव्र असे पर्याय. बाबा सगळ्याला 'अजिबात नाही' ठोकून मोकळे होतात. इकडे पोळी दुधात कुस्करून खातायत आणि त्यातही ठसका लागतो! म्हणतात खरं लिहिलं की बोलावून घेतील, परत ती पहाटेची गाडी नको. मला सांगा हे कोणी बघतं तरी का, की नुसता डेटा गोळा करून पेपर छापायचे?

निशिगंध
मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, इकडे दोन्ही प्रकार झालेत म्हणून लिहिते. यॉर्कशायरमध्ये आधी ई-पॉक्स म्हणून एक झालं, ब्रेस्ट, आतडं, प्रोस्टेटवाल्या पेशंटनी ठराविक महिन्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरायची आणि उत्तरं कॅन्सर रजिस्ट्रीच्या (त्या भागातल्या कॅन्सर पेशंटची नोंदवही) नोंदींना जोडायची. कॅन्सरनंतर माणसं कशी जगतात ते कळायला चांगलं, पण ते तुमच्या आजच्या ठसक्यासाठी नाही. नंतर लीड्सच्याच कॅन्सर सेंटरमध्ये ई-रॅपिड आलं, त्यात त्रास कमी असेल तर घरी काय करायचं ते लगेच स्क्रीनवर येतं, जास्त असेल तर हॉस्पिटलला फोन करा असं सांगतं, आणि उत्तरं डॉक्टरांना पेशंटच्या रेकॉर्डमध्येच दिसतात. ते केमो चालू असलेल्यांवर तपासलं, 508 लोक होते. ॲडमिशन काही कमी झाल्या नाहीत बरं का, पण पहिल्या काही आठवड्यांत तब्येत जरा बरी राहिली. तुमचा फॉर्म या दोनातला कुठला ते आधी विचारा.

वॉर्डातली_ताई
पुण्यात ऑन्कोला, म्हणजे कॅन्सर विभागात नर्स आहे. दादा, आधी ठसक्याचं. फॉर्मची वाट बघू नका, आजच फोन करा. रेडिएशननंतर घास श्वासनलिकेत जायला लागला तर न्यूमोनिया होतो, आणि सोबत ताप किंवा धाप असेल तर तिथेच जवळच्या हॉस्पिटलला न्या. स्वॅलो थेरपिस्टची (गिळण्याचा त्रास बघणारे) अपॉइंटमेंट मागा. आणि तोंड किती उघडतंय, किती बोटं जातात, तेही सांगा, जबड्याचे व्यायाम सुटले की ते आवळत जातं.
आता फॉर्मचं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 766 पेशंटवर अभ्यास झाला होता, सगळे पसरलेल्या कॅन्सरचे, केमोवर. ऑनलाइन त्रास कळवणाऱ्यांचा मीडियन सर्व्हायव्हल (म्हणजे निम्मे पेशंट इतके महिने तरी जगले) 31.2 महिने आला, नेहमीच्या पद्धतीत 26. ॲपमध्ये काय जादू नव्हती हो, त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा आणि ती फोन करायची, औषध बदलून घ्यायची. तेव्हा सरळ विचारा, 'तीव्र' टाकलं तर कोणाला कळतं, किती वेळात, आणि रविवारी कोण बघतं.

खानदेशी_तडका
आमच्या मामांनी एका ठिकाणी (नाव नको) 'तीव्र' भरलं तर स्क्रीनवर 'धन्यवाद' आलं. बस. नंतर पुढच्या तारखेला डॉक्टर विचारतात, कळवलं का नाही 😀 वर लिंक इंग्रजीत. असलं असेल तर आपला फोनच बरा.

गोदाकाठ
ताई, लगेच फोन केला. थेरपिस्टने व्हिडिओ कॉलवर बाबांना घास घेताना बघितलं, मान खाली घालून गिळायला सांगितलंय, पाणी घट्ट करून द्यायचंय आणि एक तपासणी इथेच नाशिकला करून घ्यायचीये, म्हणजे मुंबई टळली. फॉर्म एक नर्स बघते म्हणे, पण फक्त सोमवार ते शुक्रवार, दिवसातून एकदा. रात्रीबेरात्रीसाठी वेगळा नंबर दिलाय, तो आईने फ्रिजवर चिकटवलाय. गाडी टळली म्हटल्यावर बाबांनी गिळण्याला 'मध्यम' टाकलं, थकव्याला मात्र अजून 'अजिबात नाही'च, आणि लगेच आडवे झाले. आईने भरलेलं चालतं का कोणाकडे?

वॉर्डातली_ताई
चालतं, पण कोणी भरलं ते लिहा. थकवा, दुखणं हे घरचे आणि पेशंट वेगवेगळं मोजतात.