रात्री बदलणाऱ्या लॉग फाइलमधून आदला दिवसच गायब होतोय, मदत हवी आहे

इंदूरच्या सियागंजमधल्या एका ठोक किराणा दुकानाचं बिलिंग ॲप सांभाळतो. पायथन ३.१०, फ्लास्क, गनिकॉर्नचे (ॲप चालवणारा सर्व्हर) ४ वर्कर, म्हणजे ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रती, उबंटू.

लॉगिंग (ॲपमधल्या नोंदी फाइलमध्ये लिहिणं) डिक्टकॉन्फिगने, म्हणजे पायथनच्या सेटिंग-यादीने, कोडमध्येच लावलंय: टाइम्ड रोटेटिंग फाइल हँडलर (ठरल्या वेळी फाइल बदलणारा), मध्यरात्री नवी फाइल, बॅकअप काउंट ३०, म्हणजे जुन्या ३० फाइली ठेवायच्या. गोंधळ सकाळी उघडकीस येतो. कालच्या तारखेची फाइल उघडली तर दिवसभराची बिलं नाहीत, आज १०:३४ च्या चार-पाच ओळी तेवढ्या असतात. माझा अंदाज असा: दुकान उघडल्यावर पहिला वर्कर फाइलचं नाव बदलतो, मग दुसरा येऊन त्याच तारखेची फाइल उडवतो आणि आजचीच तिच्या जागी ठेवतो. चौघंही शहाणे!

एकच वर्कर ठेवला तर सगळं ठीक चालतं, पण गर्दीच्या वेळी काउंटरवर बोंब होते. डिले ट्रू (पहिली ओळ लिहीपर्यंत फाइल न उघडणं) करून पाहिलं, फरक शून्य. डिस्क भरलेली नाही, परवानग्याही बरोबर आहेत.

आता वॉच्ड फाइल हँडलर (फाइल बदलली की नवी उघडणारा) लावून फाइल बदलायचं काम लॉगरोटेट या लिनक्सच्या टूलकडे द्यायचा विचार आहे. अडचण अशी की रूट ॲक्सेस नाही, माझ्या युजरचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी कामं चालवणारी यादी) तेवढा आहे. कॉपीट्रंकेट (फाइलची प्रत काढून मूळ रिकामी करणं) नको, त्यात मधल्या ओळी हरवू शकतात आणि इथे प्रत्येक ओळ म्हणजे कुणाचं तरी बिल आहे.

वेगळी स्टेट फाइल (शेवटचं रोटेशन कधी झालं याची नोंद) देऊन लॉगरोटेट युजर क्रॉनमधून कुणी चालवलंय का? आणि चार वर्कर एकाच फाइलमध्ये लिहिताना ओळी एकमेकींत मिसळतात का, की त्यासाठी सॉकेट हँडलरच (ओळी नेटवर्कवरून एकाच लिहिणाऱ्या प्रोसेसकडे पाठवणारा) लावावा लागेल?