प्रतिस्पर्ध्यासोबत मिळून चाचणी प्रयोगशाळा उभारावी का?

निळीशाई: आमची यंत्रांचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी आहे. महागडी चाचणी यंत्रं एकट्याला झेपत नाहीत. आमच्याच ग्राहकांमागे असलेल्या एका कंपनीने प्रयोगशाळा मिळून उभारूया असं सुचवलंय. माझा भागीदार साफ नाही म्हणतो. मला मात्र पटतंय. काय करावं?

पुरवठादार: जरूर करा. मी खरेदी विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि मला या बाबतीत कोलीनचं उदाहरण फार आवडतं. टोयोटा आणि प्यूजो-सित्रोएन यांनी चेक प्रजासत्ताकात कोलीनला एकत्र कारखाना काढला. २००५पासून तिथून आयगो, सी१ आणि १०७ या तीन गाड्या निघू लागल्या, आतून बऱ्याच सारख्या. उत्पादन टोयोटाने सांभाळायचं, सुट्या भागांची खरेदी प्यूजो-सित्रोएनने. शोरूममध्ये मात्र तिन्ही एकमेकींच्या विरोधात. गिऱ्हाईक ज्या गोष्टीकडे बघून निवड करत नाही, तिचा खर्च वाटून घेतला. तुमची प्रयोगशाळा त्यातच मोडते.

कोरीपाटी: आणि समोरच्याने सगळं शिकून घेतलं तर?

पुरवठादार: शिकणारच, तुम्हीही शिका. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला एकत्र उत्पादन सुरू केलं. जनरल मोटर्सला टोयोटाची कामाची पद्धत हवी होती. टोयोटाला अमेरिकी कामगार आणि पुरवठादार समजून घ्यायचे होते. जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यातलेच बरेच कामगार परत घेतले आणि त्यांनी उत्तम दर्जाच्या गाड्या काढून दाखवल्या! तरी ती पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत रुजवायला जनरल मोटर्सला फार वेळ लागला. टोयोटाचा केंटकीतला स्वतःचा कारखाना १९८८मध्ये सुरूही झाला होता. म्हणून प्रयोगशाळेत तुमचे सगळ्यात चांगले अभियंते बसवा, आणि तिथे कळलेलं दर आठवड्याला कारखान्यात पोहोचेल अशी सोय करा. नमुन्यांवर ग्राहकाचं नाव नको, नुसता क्रमांक. निकाल ज्याचे त्याच्याकडे.

सनद: एक राहिलं. दोघांच्या बैठकीत दर, निविदा, कोणता ग्राहक कोणाचा, यातलं काहीही बोलायचं नाही. चहा पितानासुद्धा नाही. बहुतेक देशांत स्पर्धा कायद्याखाली ते थेट संगनमत ठरतं. विषयपत्रिका आधी लिहा, इतिवृत्त ठेवा.

निळीशाई: उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर?

पुरवठादार: येईल असंच धरून चाला. सोनी आणि सॅमसंग यांनी २००४मध्ये टीव्हीच्या पॅनेलसाठी संयुक्त कंपनी काढली. सॅमसंगकडे निम्म्याहून एक शेअर जास्त. पुढे बाजारात पॅनेल स्वस्त झाले, सोनीला त्या कारखान्यात पैसा अडकवून ठेवणं परवडेना, आणि २०१२च्या सुरुवातीला तिचा हिस्सा सॅमसंगने विकत घेतला. तुमच्याकडे यंत्राची किंमत तेव्हा कशी काढायची, आधी विकत घेण्याचा हक्क कोणाचा, नोटीस किती महिन्यांची, हे सगळं आज संबंध चांगले असताना लिहून घ्या. त्यावर दोघांच्या सह्या झाल्या की मगच यंत्राचं कोटेशन मागवा.