मदत हवी आहे: आधी हँडलबार रायझर (हँडल वर उचलणारा तुकडा) की आधी सीटचा फोम?

नागपूरकर रायडर मंडळी, माझी ४०० सीसीची टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची बाइक आहे. सीटची उंची ८०० मिमी, माझी ५ फूट ५ इंच. शहरात काहीच त्रास नाही. पण पचमढीला निघालो की सौसरपर्यंतच करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, आणि छिंदवाडा येईस्तोवर माकडहाड ठणकायला लागतं.

हँडलबार क्लॅम्पमध्ये फिरवून मागे घेतला, तर मनगट वाकडं पडू लागलं, म्हणून परत जागेवर आणला. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली केले, त्याने खरंच फरक पडला, पण पुरेसा नाही. सीटवर टाकायचं जेल पॅड आपल्या उन्हात तापतं, शिवाय उंची वाढून टाचा टेकत नाहीत. ग्लोव्हज चांगले आहेत, ग्रिपही मी सैलच धरतो.

मला संशय सीटचा आहे. तिचा उतार टाकीकडे आहे, त्यामुळे ब्रेक लावला की मी पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. मेकॅनिक मात्र ३० मिमीचा रायझर लावा म्हणतो.

गाडी वॉरंटीत आहे, एबीएसची ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) बदलायची नाही आणि सीट याहून उंच चालणार नाही.

मागचा फोम उतरवून सीट सपाट करून घेतलेलं कोणी आहे का? हाताचा बधिरपणा तेवढ्याने गेला का? नागपुरात हे काम नीट कोण करतं? आणि रायझर लावलाच, तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर मूळ होज आणि क्लच केबल ३० मिमीला पुरते, की २० वरच थांबावं?