दोन मिलिमीटरचा ढालकिडा: नवी जात म्हणून वर्णन कसं करायचं?

कमाटीबागवाला: नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात पादरा रोडलगत जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांत 1.8 ते 2.1 मिमीचे लवदार, तपकिरी ढालकिडे (लेडीबर्ड भुंगे) मिळालेत. स्किम्नस वंशातले वाटतात. 14 नमुने आहेत, सगळे अल्कोहोलमध्ये. प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका आहे, आणि हातातल्या ओळख-किल्लीत (लक्षणांवरून जात ठरवायच्या तक्त्यात) तो कुठेच बसत नाही. वर्णन लिहिण्याआधी काय हवं? आणि नाव इथेच जाहीर केलं तर हक्क राहील का?

काचपट्टी: ठिपक्यावर भिस्त ठेवू नका. या गटात एकाच जातीत ठिपका पसरतो, आक्रसतो, कधी नाहीसाही होतो. आधी किडा उलटा करून पोटाच्या पहिल्या खंडावरची वक्र रेघ बघा. ती पूर्ण वळून वर येत असेल तर पुलस उपवंश, अर्धवट सुटत असेल तर मूळ स्किम्नस. खरा निकाल मात्र नराच्या जननेंद्रियावर लागतो.

नमुना आधी कोमट पाण्यात मऊ करा, मग बारीक सुईने पोट वेगळं काढा. 90 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घाला (उलटं केलंत तर उसळतं). त्यात पोट ठेवून परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात 5 ते 10 मिनिटं धरा. थेट ज्योतीवर धरली की द्रावण एकदम उडतं आणि त्याबरोबर पोटही जातं. जास्त वेळ ठेवलं तर सगळं पारदर्शक होऊन कडाच दिसत नाहीत. नंतर स्वच्छ पाणी, त्यात व्हिनेगरचे दोन थेंब, मग खळगीच्या स्लाइडवर ग्लिसरीन. शिश्न म्हणजे लांब वाकडी नळी, घाईत ओढली की टोक तुटतं. नेमकं तेच टोक जात ओळखायला लागतं.

नियमपंडित: नावाचा हक्क इथे लिहून मिळत नाही. फोटोसह नाव टाकलंत तर ते वर्णनाविना नाव म्हणून लोंबकळत राहील आणि गोंधळ वाढेल. प्राणीनामकरणाच्या संहितेप्रमाणे 1999 नंतरच्या प्रसिद्धीत ही जात नवी आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. नामदर्शक नमुना (होलोटाइप, ज्याला जातीचं नाव बांधलेलं असतं) नेमावा लागतो, तो कोणत्या संग्रहात ठेवला तेही सांगावं लागतं. केवळ ऑनलाइन नियतकालिक असेल तर लेखाची झूबँकमध्ये (प्राणीनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंद हवी आणि तो पुरावा लेखातच छापलेला हवा. ही सवलत 2012 पासूनची. वर्णन मराठीत लिहिलं तरी संहितेला चालतं, नाव तेवढं रोमन लिपीत हवं. पण मग वाचणार कोण?

भारतात जैवविविधता कायदा, 2002 चं कलम 39 विसरू नका: नवी जात सापडली की नेमलेल्या संग्रहसंस्थेला कळवून नमुने जमा करायचे. जांबुघोडा किंवा रतनमहालसारख्या अभयारण्यातून गोळा करायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी.

आणि स्वतःचं नाव जातीला देऊ नका. नियमात बंदी नाही, पण वाईट दिसतं.

ओलावा: 14 पैकी निदान 4 वाळवून त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवा. पाण्यात सुटणारा डिंक वापरा, फेव्हिक्विक नको. तो पुन्हा सुटत नाही आणि पोटाची रेघ झाकून टाकतो. लेबलवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, यजमान वनस्पती, गोळा करणारा. पावसाळ्यात पेटीला बुरशी लागते. सिलिका जेलची पुडी ठेवून महिन्याला तपासा. डीएनएसाठी दोन-तीन नमुने 96 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे काढा, 70 टक्क्यांत तो हळूहळू तुटतो.

कमाटीबागवाला: उघडलेला नमुना मादी निघाला तर?

काचपट्टी: फेकू नका. तिची शुक्रधानी (शुक्राणू साठवणारी पिशवी) काढून चित्र करा, ती मादी पॅराटाइप, म्हणजे होलोटाइपच्या जोडीचा नमुना, होईल. होलोटाइप मात्र नरच नेमा, कारण जवळच्या जातींशी तुलना नरावरच होते. एकच नर उघडून थांबू नका, निदान तीन तरी जुळू देत. उघडलेलं इंद्रिय ग्लिसरीनच्या बारीक कुपीत घालून त्याच टाचणीला अडकवा. कुपी वेगळ्या डब्यात गेली की कोणती कोणाची हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही.