'टीचर इन रोल'ला मराठीत काय म्हणावे : भूमिका, सोंग की आणखी काही?

ऐरोलीकर

नमस्कार. शिक्षकांसाठी होणाऱ्या एका तीन दिवसांच्या नाट्यकार्यशाळेची पुस्तिका मी मराठीत आणत आहे आणि एका शब्दापाशी दोन आठवडे अडकले आहे. डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) या ब्रिटिश शिक्षिकेने वर्गात नाट्याचा वापर करण्याच्या ज्या रीती घडवल्या, त्यांतील मुख्य रीत म्हणजे 'टीचर इन रोल'. यात शिक्षक बाहेर उभा राहून सूचना देत नाही. तो स्वतः गोष्टीतला एक माणूस होतो आणि गोष्टीला आतून वळण देतो.

पहिल्या खर्ड्यात मी 'शिक्षकाची भूमिका' असे लिहिले आणि ते पान काही शिक्षकांना आधी वाचायला पाठवले. त्यांतील बहुतेकांनी 'समाजाच्या जडणघडणीत शिक्षकाची भूमिका' या विषयावर मुद्दे काढून आणले. चूक त्यांची नव्हती, कारण मराठीत त्या दोन शब्दांचा अर्थ तोच होतो. मग मी 'भूमिकेतील शिक्षक' असे केले, तर एका सरांनी विचारले की, नेमकी कोणती भूमिका घेतलेला शिक्षक, अनुदानाच्या बाजूची की विरोधातली?

मला काय हवे आहे ते एका तासिकेवरून सांगते. सातवीच्या वर्गाला मी म्हटले, "ही फाइल हातात घेतली की मी तुमची बाई नसेन, १९७० साली नवे शहर वसवण्यासाठी जमीन मोजायला आलेला अधिकारी असेन. फाइल टेबलावर ठेवली की पुन्हा बाई." मुले गावकरी झाली. ९५ गावांची जमीन नवी मुंबई या शहरासाठी घेतली गेली, हे वाक्य त्यांनी त्याआधी अनेकदा वाचले होते आणि विसरलेही होते. पण फाइल घेऊन मी आत आल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, "साहेब, आमची मिठागरे यात धरली आहेत का?" समोर बाई आहेत हे तिला पक्के ठाऊक होते, तरी ती 'साहेब' म्हणाली आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली. ही जी दुहेरी जाण आहे, तिला पेलणारा शब्द मला हवा आहे.

शब्दवेल्हाळ, नौपाडा

'भूमिका' सोडू नये, असे माझे मत आहे. रंगभूमीवरचा तिचा अर्थ वर्तमानपत्री अर्थापेक्षा फार जुना आहे. नाट्यशास्त्राच्या अखेरच्या अध्यायांत कोणत्या नटाला कोणते पात्र द्यावे याचा विचार आहे आणि त्या अध्यायाचे नावच 'भूमिकाविकल्प' असे आहे. पुढे ग्रंथाची प्रस्तावना, मग एखाद्या प्रश्नावरील मत असे अर्थ त्यात मिसळले. संदिग्धता शब्दात नसून आपण केलेल्या शब्दजोडणीत आहे. 'भूमिकाधारी शिक्षक' म्हटले की प्रश्न मिटतो. शब्द थोडा जड आहे, परंतु पारिभाषिक शब्द वापरानेच हलका होतो.

घणसोली गावठाण

ताई, तुम्ही सांगितलेली मुलगी मी माझ्या लहानपणी पाहिलेली आहे, कारण ती मीच होतो. शिमग्याला आमच्या गावात सोंगे निघत. लुगडे नेसून दारात आलेली बाई म्हणजे आमचा चुलता आहे, हे आम्हा पोरांना त्याच्या पायांवरून कळायचे. तरीही आजी त्याला "बाय, कुठनं आलीस?" असे विचारायची, तो तिला सासरचे गाऱ्हाणे सांगायचा आणि आजीच्या डोळ्यांत खरे पाणी यायचे. फसलेले कोणीच नसायचे. तुम्हाला हवा असलेला शब्द 'सोंग' हाच आहे. एकनाथांच्या भारुडांतही सोंगी भारूड हा वेगळा प्रकार आहे. नाथ स्वतः विद्वान ब्राह्मण असून जोहार घालतात, वासुदेव होतात, गोंधळी होतात, मुके आणि बहिरे होतात, आणि लोकांशी त्या सोंगातून बोलतात. शिक्षकाने वेष पालटून शिकवण्याची याहून जुनी आणि याहून मोठी मराठी परंपरा मला तरी माहीत नाही.

खोपटची बाई

मी ३२ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि या सूचनेला माझा मनापासून विरोध आहे. झोपेचे सोंग, आजारपणाचे सोंग, गरिबीचे सोंग हे आजच्या मराठीतले 'सोंग' आहे. "बाईंनी आज वर्गात सोंग घेतले" असे मुलाने घरी जाऊन सांगितले, तर दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात उभे राहतील. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझ्या वर्गात एका तमाशा कलावंताचा मुलगा होता आणि इतर मुले त्याला 'सोंगाड्या' म्हणून हाक मारत. तो शब्द त्याच्या वडिलांच्या कलेचा होता, पण वर्गात तो शिवीसारखा वापरला जाई आणि ती हाक ऐकून त्याची मान खाली जात असे. परंपरेत शब्द थोर असेल, परंतु वर्गातल्या मुलाला तो कसा लागतो हेही कोशातल्या अर्थाइतकेच खरे आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'भूमिकापालन' हा शब्द आहे, शिक्षकांना तो ओळखीचा आहे, तोच घ्यावा.

ऐरोलीकर

बाई, त्या मुलाविषयी वाचून मी थांबले. ते मी विसरणार नाही.

'भूमिकापालना'विषयी मात्र अडचण आहे. आपल्याकडे भूमिकापालनात मुले भूमिका करतात आणि शिक्षक कडेला उभा राहून पाहतो, चुका टिपतो आणि शेवटी निष्कर्ष सांगतो. हीथकोट यांचा सारा रोख ती कडेची जागा सोडण्यावर होता. त्या १४व्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या होत्या आणि पदवी नसताना १९५०च्या सुमारास विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. ज्याला सगळी उत्तरे माहीत आहेत असा माणूस वर्गात समोर उभा असला की मुले उत्तरे शोधत नाहीत, त्याच्या मनातले उत्तर ओळखू पाहतात. शिक्षक एखादा घाबरलेला निरोप्या किंवा गोंधळलेला कारकून होऊन आला, तर जाणतेपण मुलांकडे जाते. शिवाय 'पालन' म्हटले की आधी ठरलेले काही पाळायचे आहे असे वाटते आणि इथे काहीच ठरलेले नसते.

घणसोली गावठाण

खोपटच्या बाईंचा अनुभव मी नाकारत नाही. पण शब्दाचा अपमान झाला म्हणून शब्दच टाकून दिला, तर तो अपमान कायम होतो. तुकोबांनी "नटनाट्य अवघें संपादिलें सोंग" असे म्हटले आहे आणि त्याच अभंगात पुढे "आपुलें स्वरूप जाणतसों" असेही म्हटले आहे. सोंग पुरते वठवायचे आणि आपण कोण हे विसरायचे नाही, ही ऐरोलीकरताईंची दुहेरी जाण एका अभंगात आली आहे. आणि व्युत्पत्ती पाहिली तर सोंग म्हणजे स्वांग, म्हणजे स्व अधिक अंग. दुसऱ्याला आपल्या अंगावर घेणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

शब्दवेल्हाळ, नौपाडा

हिंदीतील 'स्वांग' आणि आपले 'सोंग' ही भावंडे आहेत हे मान्य आहे. परंतु 'स्व' अधिक 'अंग' याचा सरळ अर्थ 'स्वतःचे अंग' एवढाच होतो आणि तो सोंगाच्या नेमका उलट आहे. "दुसऱ्याला अंगावर घेणे" हा अर्थ आपण मागाहून भरला. व्युत्पत्ती मनाला भावली म्हणून ती सिद्ध होत नाही. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी हा मोह सर्वांआधी टाळला पाहिजे.

मात्र आपण उद्धृत केलेल्या ओळीतच मला दुसरा शब्द दिसला. 'संपादणे' म्हणजे सोंग किंवा पात्र नीट वठवणे, आणि त्यावरून 'संपादणी'. यात फसवणुकीची छटा नाही, हिणवणे नाही, आणि शब्द अस्सल मराठी वळणाचा आहे. 'शिक्षकाची संपादणी' असे का म्हणू नये?

वाशी, सेक्टर नऊ

कारण या भागात 'संपादन' म्हणजे भूसंपादन. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत संपादनाची नोटीस अजून घडी करून ठेवलेली आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, त्याची आठवण आमच्या घरांत त्या एका शब्दाबरोबर येते. ज्या तासिकेत बाई जमीन मोजणारा अधिकारी होतात, त्याच तासिकेच्या वर 'संपादणी' हे शीर्षक आले, तर उरण-पनवेलकडचा शिक्षक ते भलतेच वाचेल.

प्रॉम्प्टर

मी गडकरी रंगायतनच्या विंगेत बरीच वर्षे संहिता हातात धरून बसलो आहे. तिथे मी कोणाही मुलाच्या तोंडून 'भूमिका' हा शब्द ऐकलेला नाही. "तुझा रोल काय?", "माझा रोल मोठा आहे" असेच ती बोलतात. 'रोल' हा शब्द मराठी मुलांनी केव्हाच आपला केला आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुलांसाठी जी नाट्यसंस्था काढली, तिचे नाव 'लिटल थिएटर' होते आणि तिचे पहिले नाटक 'मधुमंजिरी' होते. त्या इंग्रजी नावामुळे बालरंगभूमीच्या मराठीपणाला काहीही बाध आला नाही. रत्नाकर मतकरी यांनी आपल्या ठाण्यात सुरू केलेल्या 'वंचितांचा रंगमंच' या उपक्रमात वस्त्यांतील मुले स्वतःच्या जगण्यातून नाटिका उभ्या करतात. त्या मुलांना 'भूमिकाधारी' म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावे लागेल. 'रोलमधला शिक्षक' म्हणा आणि पुढे चला.

जाता जाता एक विचारतो. पुस्तिकेत ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांचा 'जोकर' आला असेलच. त्याला तुम्ही 'विदूषक' केले आहे का? आमच्याकडच्या एका शिबिराच्या पत्रकात तसे छापलेले होते.

ऐरोलीकर

होय, मी 'विदूषक' असेच केले आहे. त्यात काही चुकले का?

प्रॉम्प्टर

चुकले आहे, आणि ते दुरुस्त केलेच पाहिजे. बोआल (१९३१–२००९) यांचा जोकर सर्कशीतला नाही, तो पत्त्यांतला आहे. तो कोणत्याही रंगाचा नसतो आणि त्याला कुठेही लावता येते. प्रेक्षकांतील कोणी उठून नाटकातील पीडिताची जागा घेतो, तेव्हा हा जोकर नट आणि प्रेक्षक यांच्या मध्ये उभा राहतो, कोणाची बाजू घेत नाही आणि "याने प्रश्न सुटला का?" असे सर्वांना विचारतो. बोआल १९७३ साली पेरूमध्ये प्रौढ साक्षरतेच्या कामात होते, त्यामुळे शिक्षणाशी त्याचा संबंध मुळापासूनचा आहे. रमी खेळणाऱ्या मराठी माणसाला 'जोकर' लगेच कळेल. 'विदूषक' म्हटले की तो हसायला तयार होऊन बसेल.

घणसोली गावठाण

विदूषक म्हणजे केवळ हसवणारा, असे कोणी ठरवले? जोतीराव फुले यांच्या १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' या नाटकात विदूषक आहे. जोशी भोळ्या कुणबी जोडप्याला नागवतो आणि विदूषक मध्ये येऊन, जे चालले आहे त्याचे मर्म प्रेक्षकांपुढे उघडे करतो. शिक्षण म्हणजे तिसरा डोळा, हे सांगणाऱ्या नाटकात विचार करायला लावण्याचे काम त्याच्याकडे आहे. आपल्या घरात असा विदूषक असताना पत्त्यांच्या कॅटमधून जोकर कशासाठी उचलून आणायचा?

शब्दवेल्हाळ, नौपाडा

'तृतीय रत्न'मधला विदूषक तटस्थ नाही, तो उघडपणे शोषितांच्या बाजूचा आहे आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. जोकरने मत सांगायचे नसते. म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. 'सूत्रधार'ही चालणार नाही, कारण सूत्रे हाती ठेवणाऱ्याचे ते नाव आहे आणि बोआल यांना सूत्रे प्रेक्षकांच्या हाती द्यायची होती. मी 'मध्यस्थ' सुचवतो.

वाशी, सेक्टर नऊ

'मध्यस्थ' म्हटले की लग्न जुळवणारा नाही तर जमिनीचा दलाल डोळ्यांपुढे येतो. 'जोकर'च ठेवा.

प्रॉम्प्टर

आणि हीथकोट यांच्या 'मँटल ऑफ द एक्सपर्ट'चे, म्हणजे शब्दशः 'तज्ज्ञाच्या झग्या'चे, काय केले आहे? त्यात एका काल्पनिक ग्राहकाचे काम मुलांकडे सोपवलेले असते आणि मुलांना त्या कामातले जाणकार मानून सारा अभ्यास चालतो. मी एके ठिकाणी 'तज्ज्ञांची झूल' असे वाचले. आपल्याकडे झूल बैलाच्या पाठीवर घालतात.

ऐरोलीकर

मी 'तज्ज्ञाची शाल' लिहिले होते, पण शाल आपण कार्य झाल्यावर देतो आणि इथे ती कार्याच्या आरंभी द्यायची आहे. म्हणून सध्या 'जाणकारांचा वसा' असे केले आहे, कारण वसा आधी घेतात आणि मग तो निभावतात. 'जोकर'ची दुरुस्ती मी आजच करते, त्याबद्दल प्रॉम्प्टर यांचे आभार.

मूळ प्रश्नाकडे परत येते. काल त्याच वर्गात गेले, तर दारातच एका मुलाने विचारले, "बाई, आज तुम्ही कोण होणार?" तो 'रोल' म्हणाला नाही, 'भूमिका'ही म्हणाला नाही. खेळताना मुले "तू राजा हो, मी प्रधान होतो" असेच म्हणतात. 'होणे' या क्रियापदात फसवणूक नाही, उपहास नाही आणि दुहेरी जाण पुरेपूर आहे. 'शिक्षक कोणीतरी होतो तेव्हा' असे शीर्षक चालेल का?

शब्दवेल्हाळ, नौपाडा

वाक्य सुरेख आहे, पण ती संज्ञा नाही. पुस्तिकेत हा शब्द पन्नास ठिकाणी येणार. दर वेळी एवढे वाक्य कसे लिहिणार, आणि सूचीत ते कोणत्या अक्षराखाली लावणार?

खोपटची बाई

मला 'होणे' मनापासून आवडले. माझी शंका निराळी आहे. या रीतीत आत जाण्याइतकेच बाहेर येणेही महत्त्वाचे आहे. कोणी मूल रडवेले झाले, तर बाईंनी त्या क्षणी फाइल खाली ठेवली पाहिजे आणि मुलांशी बाई म्हणून बोलले पाहिजे. त्या बाहेर येण्याला कोणते क्रियापद वापरणार? 'भूमिका सोडली' असे लिहाल, तर बाईंनी आपले मत बदलले असे वाचले जाईल. आणि 'होणे' याचे उलट क्रियापद मराठीत मला सापडत नाही.

घणसोली गावठाण

बाई, 'सोंग उतरवणे' हे क्रियापद आहे. चुलता आमच्या ओटीवर बसून लुगडे सोडायचा, तोंडाचा रंग पुसायचा, आणि आजी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून पाणी द्यायची.