कॉलर नंतर, आधी हरणं शोधा

अमेरिकेतल्या ॲरिझोनात शिकारीसाठी कॉलर (भक्ष्याचे आवाज काढणारं यंत्र) वाजवून माउंटन लायन, म्हणजे प्यूमा, बोलवायला जागा कुठली, असा प्रश्न होता. उत्तरं मात्र सगळी कुठला आवाज लावावा यावर आलीत. माझ्या मते आधी हरणं शोधा, त्याचं मुख्य भक्ष्य तेच. हरणांचा राबता असलेल्या खडकाळ घळी, कड्याखालच्या कपारी, दोन घळींमधली खिंड, एवढं पायाखाली घाला. कपारीत किंवा ज्युनिपरच्या झुडपाखाली मागच्या पायांनी ओरबाडून केलेली पाल्याची छोटी ढिगुळी दिसली, तर बहुतेक नराची ये-जा आहे. माग गोलसर, साधारण 3 इंच, तळव्याच्या मागच्या कडेला 3 फुगवटे. नखं उमटलेली असतील तर बहुधा कुत्रं नाहीतर कोयोटी (तिथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी).

मग तासभर तरी बसायचं. कोयोटी 15 मिनिटांत धावत येतो. माउंटन लायन दबकत येतो, समोर असला तरी दिसत नाही. पाठ खडकाला लावा, गंमत नाही सांगत. ठिपकेवाली पिल्लं सोबत असलेली मादी मारायला तिथे बंदी आहे, तेव्हा दिसल्या दिसल्या चाप ओढू नका. आणि शेजारच्या कॅलिफोर्नियात हा विषयच काढू नका, तिथे 1990 च्या सार्वमतानंतर तो खास संरक्षित प्राणी आहे.